कूम इद्वल : डार्विनला पहिल्या फेरीत न दिसलेली हिमनदी

कातळवेडा

१८३१चा ऑगस्ट. केंब्रिजचे भूशास्त्राचे प्राध्यापक ॲडम सेज्विक उत्तर वेल्सच्या डोंगरांत खडक तपासत हिंडत होते आणि हाताखाली शिकायला म्हणून बरोबर होता बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन. ज्या 'बीगल' जहाजावरून तो पुढे जगप्रवासाला गेला, ते सुटायला अजून चार महिने होते. या दौऱ्यात कूम इद्वल नावाच्या एका खोलगट दरीत त्यांनी कितीतरी तास काढले. सेज्विकना जीवाश्म हवे होते, त्यामुळे खडक न् खडक निरखून झाला. पण त्याच खडकांवरचे ओरखडे, भलत्याच जागी अडकून बसलेले धोंडे, तळ्याकाठची दगडमातीची लांबट टेकाडं, यातलं काहीही दोघांच्या नजरेत भरलं नाही. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रात डार्विनने हे स्वतःच नोंदवून ठेवलंय.

जून १८४२मध्ये तो पुन्हा तिथे गेला तेव्हा सगळं दिसलं. अकरा वर्षांपूर्वी मला इथे नुसतं पाणी आणि उघडा खडक दिसला होता, काल मात्र बर्फ सोडून सगळी हिमनदी स्पष्ट दिसली, अशा अर्थाचं पत्र त्याने लिहिलं. जळून गेलेलं घरसुद्धा आपली हकीकत या दरीइतकी उघड सांगणार नाही, हेही त्याचंच.

दरी तीच, डोळे तेच. मधल्या काळात लुई आगासिझ या निसर्गअभ्यासकाने १८३७मध्ये स्वित्झर्लंडमध्ये हिमयुगाची कल्पना जाहीरपणे मांडली, १८४०मध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी इंग्रज भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंडबरोबर स्कॉटलंड पालथा घातला. बकलंडने १८४१मध्ये उत्तर वेल्समध्ये हिमनद्यांच्या खुणा शोधल्या, आणि डार्विन त्याच्या मागोमाग पोचला. (आगासिझच्या आधी स्वित्झर्लंडमधले व्हेनेट्झ आणि शार्पांतिए हे अभ्यासक हेच सांगत होते. त्यांच्याही आधी आल्प्समधले शिकारी सांगत होते. पण श्रेय गेलं पुस्तक लिहिणाऱ्याला, नेहमीप्रमाणे.)

आता जागेबद्दल. वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात एरिरी, म्हणजे इंग्रजीतला स्नोडोनिया, हा डोंगराळ प्रदेश आहे. सर्वांत उंच शिखर स्नोडन, १०८५ मीटर. हिमालयाच्या हिशेबात ही उंची काहीच नाही आणि आज तिथे एकही हिमनदी नाही. पण डोंगरांचा आकार बघितला की हे काम पावसापाण्याचं नव्हे हे कळतं. वेल्श नावं देवनागरीत जमतील तशी लिहितोय, सांभाळून घ्या.

ओग्वेन तळ्याच्या पश्चिम टोकापासून दगडी पायवाटेने अर्ध्या तासात कूम इद्वलला पोचता येतं. समोर तळं, समुद्रसपाटीपासून साधारण ३७० मीटरवर. तिन्ही बाजूंनी काळपट कडे आणि चौथी, ईशान्येची बाजू मोकळी. शाळेच्या भूगोलात 'हिमगव्हर' म्हणून जी आकृती काढायला लावायचे ना, ती जशीच्या तशी.

डोंगराच्या सावलीतल्या एखाद्या खळग्यात उन्हाळा संपला तरी बर्फ शिल्लक राहिलं की याची सुरुवात होते. पुढच्या हिवाळ्याचं बर्फ त्यावर चढतं, खालचं दाबलं जाऊन घट्ट होतं, त्यातली हवा निघून जाते. असा थर काही दशक मीटर जाड झाला की तो स्वतःच्याच वजनाने सरकू लागतो. गव्हरातल्या बर्फाची चाल नुसती उताराने खाली अशी नसते. मागच्या कड्याशी ते खाली दबतं, तळाला घासत पुढे येतं आणि तोंडाशी किंचित वर चढून बाहेर पडतं. त्यामुळे मधला तळ खोल होत जातो आणि तोंडाशी खडकाचा उंबरठा शिल्लक राहतो. बर्फ गेलं की त्या उंबरठ्यामागे पाणी साचतं.

तळ्याच्या आसपास जमिनीतून वर आलेले गुळगुळीत खडक आहेत. त्यातल्या एकापाशी बसा. दरीच्या आतल्या अंगाला असलेली त्याची पाठ गोलसर आणि इतकी तुळतुळीत की हात घसरतो. त्या पाठीवर बोटाच्या नखाला जेमतेम जाणवतील अशा समांतर रेघा आहेत, सगळ्या दरीच्या तोंडाकडे जाणाऱ्या. खडकाचे स्वतःचे थर वेगळ्याच दिशेने गेलेत, रेघा त्यांना बिनदिक्कत कापून पुढे जातात. आता उठून खडकाच्या दुसऱ्या अंगाला या. तिथे गुळगुळीतपणा गायब! कोनदार, पायऱ्यापायऱ्यांचा तुटका कडा, चौकोनी ठोकळे उपटून नेल्यासारखा. एकाच खडकाच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या का, हे कळलं की बर्फ कुठून कुठे गेलं हे होकायंत्राशिवाय सांगता येतं. याला आपल्याकडच्या पुस्तकांत मेषशिला म्हणतात.

तळ्याच्या दोन्ही काठांवर दगडमातीची बुटकी टेकाडं रांगेत उभी आहेत. ते हिमोढ. बर्फाच्या कडेला आणि टोकाला जमलेला राडारोडा, बर्फ वितळल्यावर तिथेच पडून राहिलेला.

कूम इद्वलमधून बाहेर आलं की खाली नंट फ्रँकनची मोठी दरी उत्तरेकडे जाते. सपाट तळ, दोन्हीकडे उभे उतार, चक्क 'यू' आकार. पश्चिमेच्या अंगावर एकापुढे एक अशी छोटी गव्हरं कोरलेली आहेत. समोरच्या पूर्वेच्या अंगावर तशी रांग नाही. असं का? कोडं म्हणून सोडतो, बघू कोण ओळखतंय.

अनघा_के

वा! वाचनखूण साठवली आहे. शाळेत हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग हे सगळं तीन मार्कांसाठी घोकलं होतं, त्यामागे खरीखुरी जागा असते हे आज कळलं.

कोड्याचं उत्तर : ऊन? पश्चिमेच्या अंगावरची गव्हरं पूर्वेकडे-ईशान्येकडे तोंड करून असणार. दुपारचं कडक ऊन तिथे पोचत नसेल, म्हणून बर्फ टिकत असेल.

भूगोलमास्तर

अनघाताई, अर्धे मार्क. ऊन हे एक कारण आहेच. उत्तर गोलार्धात ईशान्येकडे तोंड असलेल्या खळग्यात सकाळचं कोवळं ऊन येतं आणि दुपारी सावली पडते. पण दुसरं कारण तितकंच मोठं आहे : वारा. त्या भागात वारा मुख्यतः नैऋत्येकडून येतो. डोंगरमाथ्यावर पडलेलं भुरभुरीत बर्फ वारा उचलतो आणि माथा ओलांडला की आडोशाला टाकून देतो. म्हणजे ईशान्येच्या खळग्याला स्वतःचं बर्फ मिळतं आणि पलीकडच्या उताराचंही. वर सावली! ब्रिटनमधली बहुतेक गव्हरं उत्तर ते पूर्व याच दिशांना उघडतात, त्यामागे हेच आहे.

इद्वलचं तोंडही ईशान्येला आहे हे धागाकर्त्यांनी लिहिलंय, तोच इशारा होता.

टवाळ_कार्टा

म्हणजे नैऋत्येच्या उताराने कष्ट करून बर्फ जमवायचं आणि पलीकडच्याने आयतं खायचं. आमच्या हापिसातली टीम अशीच चालते.

(कृपया हलके घ्या. लेख मस्त.)

प्रश्नचिन्ह

लेख आवडला, पण मूळ मुद्दा पचत नाही. बर्फ मऊ असतं. तिथला खडक ज्वालामुखीचा, कठीण असणार. मऊ वस्तूने कठीण वस्तूला खरवडून शंभर-दोनशे मीटर खोल दरी पाडली हे म्हणजे जरा जास्तच होतंय. नदीने आधी दरी पाडली आणि बर्फाने वरवरची सफाई केली, असं का नाही?

कातळवेडा

प्रश्नचिन्ह, चांगला प्रश्न, आणि निम्मा बरोबरही. बर्फ मऊच असतं. शून्य अंशाच्या आसपास त्याचा कठीणपणा मोहच्या मापावर (सर्वांत मऊ १, हिरा १०) दीडच्या घरात भरतो. तिथला खडक सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा. निव्वळ बर्फ त्यावरून कितीही वर्षं सरकलं तरी रेघ उमटणार नाही.

काम करतात बर्फात रुतलेले दगड. लाकूड पॉलिशपेपरमधल्या कागदाने घासलं जात नाही, त्यावर चिकटवलेल्या कणांनी घासलं जातं, तसं. आणि वरून दाब असतो शेकडो मीटर बर्फाचा. रेघा या दगडांच्या टोकांनी ओढलेल्या आहेत. तुळतुळीतपणा आला तो मधल्या बारीक भुकटीने. आजच्या जिवंत हिमनद्यांखालून येणारं पाणी दुधाळ दिसतं ते याच भुकटीमुळे.

पण घासणं हा झाला एक भाग. माझ्या मते त्याहून मोठं काम उखडण्याचं आहे, आणि त्यात हिरो बर्फ नसून पाणी आहे. दाब वाढला की बर्फ शून्याच्या किंचित खालीच वितळतं. दर १०० मीटर जाडीमागे साधारण ०.०७ अंश. फरक चिमुकला आहे, पण पुरतो. खडकाच्या उंचवट्याला हिमनदी धडकते तिथे चढणीच्या बाजूला दाब जास्त, म्हणून तिथे बर्फ वितळून पाण्याचा पातळ थर तयार होतो. ते पाणी उंचवट्याला वळसा घालून उतरणीला येतं, तिथे दाब कमी, म्हणून पुन्हा गोठतं. चढणीला घासणं आणि उतरणीला उखडणं, मेषशिलेच्या दोन बाजू वेगळ्या दिसतात त्या यामुळे. उतरणीच्या बाजूला बर्फ आणि खडक यांच्यामध्ये पोकळ्या राहतात. त्यातल्या पाण्याचा दाब उन्हाळ्यात, पावसात वरखाली होत राहतो. खडकात मुळातल्या भेगा असतातच, त्या प्रत्येक चढउताराला थोड्या थोड्या रुंदावतात. शेवटी अख्खा ठोकळा सुटतो आणि बर्फाबरोबर निघून जातो. पुढे तोच ठोकळा घासायच्या कामाला लागतो!

आणि हिशेब लावून बघा. खोदाईचा वेग वर्षाला एक मिलिमीटर धरला तर हजार वर्षांत एक मीटर, लाख वर्षांत शंभर मीटर. सध्याचं हिमयुगांचं पर्व सुरू होऊन सुमारे २६ लाख वर्षं झालीत. त्यात बर्फ कितीतरी वेळा आलं आणि गेलं. कूम इद्वल काही एका हंगामाचं काम नाही.

मृण्मयी

नदी की बर्फ या मुद्द्यावर माझी भर. नदीची दरी 'व्ही' आकाराची आणि बर्फाची 'यू' आकाराची, हा पुरावा मला नेहमीच जरा लेचापेचा वाटतो, कारण 'व्ही' दरीत गाळ साचला तरी तळ सपाट दिसतो. पक्का पुरावा म्हणजे तळी. स्नोडनच्या पूर्वेच्या अंगाला ग्लासलिन आणि ल्हिन ल्हिदाव ही दोन तळी पायरीपायरीने एकाखाली एक आहेत. ल्हिदाव पन्नास मीटरहून जास्त खोल आहे, आणि हा तळ बाहेर पडायच्या वाटेहून खाली गेलेला आहे. नदी आपल्या वाटेवर, बाहेर पडायच्या जागेच्या खाली इतका मोठा खड्डा पाडू शकत नाही. तिला पुढे वाहायला उतार लागतो. बर्फाला मात्र तळाचा उतार लागत नाही, पृष्ठभागाचा उतार पुरतो. मागून रेटा आला की ते खड्ड्यातून वर चढून पुढे जातं.

हा मुद्दा भूशास्त्रज्ञ अँड्र्यू रॅमझीने १८६२मध्ये मांडला तेव्हा लंडनच्या विद्वानांत बरीच खडाजंगी झाली होती. रॅमझीने वेल्सचे डोंगर उभेआडवे तुडवले होते, त्यामुळे मला त्याच्याबद्दल जरा जास्तच प्रेम आहे.

प्रश्नचिन्ह, नदीने दरी पाडली हे तुमचं म्हणणं पूर्ण चूक नाही. बर्फाने बहुतेक ठिकाणी आधीच्या नदीच्याच वाटा धरल्या, मग त्या सरळ केल्या, रुंद केल्या आणि नको तितक्या खोल केल्या.

कातळवेडा

मृण्मयी, अगदी. ओग्वेनच्या खिंडीत तर बर्फाने पाण्याची वाटच बदलली असं मानतात. वेल्सच्या बर्फाच्या टोपीचं मुख्य केंद्र स्नोडनवर नव्हतं, ते पूर्वेला होतं, आरेनिगच्या बाजूला. तिथलं बर्फ पश्चिमेकडे रेटत आलं, डोंगराच्या रांगेतल्या खालच्या जागा शोधून त्यांतून सांडलं आणि सांडता सांडता त्या खोल केल्या. ओग्वेन तळं आज त्या मोडलेल्या रांगेत बसलंय. तळं मैलभर लांब आहे पण खोली जेमतेम तीन मीटर. तिथून पाणी धबधब्याने एकदम खाली नंट फ्रँकनमध्ये उतरतं. त्या पायरीपाशी पूर्वेकडून आलेलं बर्फ आणि इद्वलसारख्या गव्हरांतलं बर्फ एकत्र आलं. जाडी वाढली, जोर वाढला, तळ झपकन खोल गेला. नंट फ्रँकनचा आजचा सपाट तळ म्हणजे नंतर गाळाने भरत आलेलं तळं आहे.

जाता जाता, थॉमस टेलफर्ड या अभियंत्याने लंडनहून हॉलीहेडला जाणारा रस्ता याच दरीतून काढला. चढ सौम्य ठेवायचा होता, आणि या डोंगरांत तशी वाट बर्फानेच करून ठेवली होती.

प्रश्नचिन्ह

तळ्यांचा मुद्दा पटला. पण मग दुसरी शंका. स्कॉटलंडमधल्या केर्नगॉर्मच्या पठारावर ग्रॅनाइटचे सुटे सुळके उभे आहेत, टॉर म्हणतात त्यांना. एकावर एक रचलेले, धक्का दिला तर पडतील असं वाटतं. तो सगळा भाग बर्फाखाली होता असं म्हणतात ना? दरी खोदणाऱ्या बर्फाला हे सुळके पाडता येऊ नयेत? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा?

कातळवेडा

याच प्रश्नाची वाट बघत होतो. दोन्ही खऱ्या आहेत, आणि उत्तर पुन्हा तळाच्या पाण्यात आहे.

उंच पठारावर बर्फ पातळ आणि हवा थंड. तळाचं तापमान वितळणबिंदूच्या बरंच खाली. असं बर्फ खडकाला गोठून घट्ट चिकटतं. ते हलतं ते आतल्या आत, तळाशी जवळजवळ सरकत नाही. म्हणजे घासणं नाही, उखडणं नाही. उलट वारा-पाऊस-दहिवरापासून खालच्या खडकाचं रक्षणच होतं. शेजारच्या दरीत तेच बर्फ शेकडो मीटर जाड. जाड थराखाली जमिनीची ऊब अडकून राहते, सरकण्याच्या घर्षणाने आणखी उष्णता निर्माण होते, दाबाने वितळणबिंदू खाली येतो. तळ ओला होतो आणि खोदाई सुरू. एकदा दरी खोल झाली की बर्फ तिथे आणखी जाड होतं, आणखी ऊब, आणखी पाणी. खोल दरी आणखी खोल होत जाते आणि बाजूचा माथा हजारो वर्षं होता तसा राहतो. म्हणून केर्नगॉर्ममध्ये वर जुनंपुराणं गोल पठार दिसतं आणि त्याला मधूनच चिरत गेलेली लेरिग ग्रूसारखी दरी. बर्फाने डोंगर सरसकट सपाट केले असतील ही कल्पना डोक्यातून काढायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही.

म्हणून कुणी 'इथे बर्फ होतं का' असं विचारलं की मी उलट विचारतो, 'तळ ओला होता की कोरडा?'

प्रश्नचिन्ह

हं. हे मात्र भारी आहे. आता उगाच वाद घालत नाही.

टवाळ_कार्टा

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे. 'प्रश्नचिन्ह : आता वाद घालत नाही.' संग्रही असावा.

जुना_वाटाड्या

अवांतर वाटेल, पण इद्वल म्हटलं की आम्हाला खडक आठवतात ते चढाईचे. तळ्याच्या मागे जे तिरके सपाट कातळ पसरलेत, इद्वल स्लॅब्ज, ते ब्रिटिश गिर्यारोहणाची शाळाच. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या मंडळींनी याच डोंगरांत सराव केला होता. तिरका खडक, धरायला फारसं काही नाही, पायाच्या घर्षणावर भिस्त. बर्फाने घासून ठेवलेल्या कातळावर तर बूट फार जपून टेकवावे लागतात. पावसात मी मी म्हणणाऱ्यांचे पाय लटपटतात.

मला विचारायचंय ते वेगळं. ग्लिडर फाखच्या माथ्यावर शिळांचा नुसता खच आहे. एक लांबलचक शिळा तर अर्धी हवेत आहे, लोक तिच्यावर उभं राहून फोटो काढतात. तेही हिमनदीने आणून टाकलेलं का?

भूगोलमास्तर

वाटाडे, नाही. ते गारठ्याचं काम. माथ्यावरचा खडक उघडा राहिला की भेगांत पाणी शिरतं, गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, भेग रुंदावते. असं हजारो हिवाळे चाललं की खडक जागच्या जागी फुटतो. त्या शिळा कुठून आलेल्या नाहीत, त्या तिथल्याच आहेत. टोकदार, कोनदार कडा हीच खूण. बर्फाखालून फरपटत आलेल्या दगडाच्या कडा झिजलेल्या असतात, त्यावर रेघा असतात.

खाली घासलेलं गुळगुळीत आणि वर फुटकं खडबडीत, या दोहोंमधली सीमा पुष्कळ डोंगरांवर नजरेला दिसते. अभ्यासक तिच्यावरून बर्फाच्या जाडीचा अंदाज बांधत. पण वर कातळवेडा यांनी सांगितलेलं चिकटलेलं, कोरडं बर्फ लक्षात घेतलं तर तो अंदाज जपूनच वापरावा लागतो. फुटक्या शिळांवरही असं बर्फ बसून गेलेलं असू शकतं.

आता डार्विनबद्दल थोडं. धाग्यात तो १८४२मध्ये एकदम शहाणा झाल्यासारखा वाटतोय. तसं नव्हतं. त्या वर्षी या दरीतल्या हिमनद्यांवर त्याने निबंध लिहिला, त्याच निबंधाच्या शीर्षकात 'तरंगत्या बर्फाने वाहून नेलेले धोंडे' आहेत! दऱ्यांत हिमनद्या होत्या हे त्याने मान्य केलं, पण बाहेरच्या सखल भागात विखुरलेले धोंडे समुद्रावरच्या हिमनगांनी आणून टाकले असंच तो मानत राहिला. कारण होतं मोएल त्रिव्हान. स्नोडनच्या पश्चिमेला ही टेकडी आहे. तिथे सुमारे ४०० मीटर उंचीवरच्या वाळूत १८३१च्या सुमारास समुद्री शिंपले सापडले होते. इतक्या उंचीवर शिंपले म्हणजे समुद्र तिथवर चढला होता, दुसरं काय? कुणी बायबलमधला नोहाचा प्रलय म्हणालं, कुणी जमीन बुडून वर आली म्हणालं.

कातळवेडा

मास्तर, मोएल त्रिव्हान काढलंत ते बरं केलं, मी लांबी वाढेल म्हणून गाळलं होतं. खरा प्रकार जास्त गमतीचा आहे. समुद्र वर चढलाच नव्हता. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राचं पाणी बर्फात अडकल्यामुळे जगभरात पातळी आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होती. आयरिश समुद्राच्या जागी स्कॉटलंडकडून आलेला बर्फाचा प्रचंड लोट होता. त्याने समुद्रतळाची वाळू-माती शिंपल्यांसकट खरवडली. वेल्सचं स्वतःचं बर्फ समोरून येत होतं, तिथे दोघांची टक्कर झाली आणि समुद्रतळ रेटला गेला डोंगरावर. त्यातले बरेच शिंपले फुटके, आणि थंड-उबदार पाण्यातल्या जाती एकत्र कालवलेल्या. समुद्रकिनाऱ्यावर आपोआप साचलेल्या शिंपल्यांत असा काला नसतो.

त्याच लोटाबरोबर एल्सा क्रेग या स्कॉटिश बेटावरचा निळसर सूक्ष्मकणी ग्रॅनाइटही वेल्सच्या किनाऱ्यापर्यंत आला. तो खडक इतका वेगळा आहे की सापडला की पत्ता विचारावा लागत नाही.

नीलाक्षी

वनस्पतींबद्दल कुणीच कसं बोललं नाही! इद्वलच्या मागच्या कड्यावर स्नोडन लिली फुलते. नाजूक पांढरी, गवतासारखी पानं. ब्रिटनमध्ये ती फक्त एरिरीच्या मोजक्या कड्यांवर आहे, नाहीतर मग थेट आल्प्स आणि आर्क्टिक. बर्फ हटल्यावर जी थंडीतली झाडंझुडपं सगळीकडे पसरली होती त्यांतली ही उरलेली. हवा उबदार झाली, जंगल वर चढलं, नंतर मेंढ्या आल्या. राहिले ते सावलीतले उभे कडे, जिथे झाड उगवत नाही आणि मेंढीचं तोंड पोचत नाही. जांभळी सॅक्सिफ्रेज तिची शेजारीण. म्हणजे ज्या ईशान्येच्या सावलीने बर्फ टिकवलं तिनेच ही फुलंही टिकवली.

माझा प्रश्न : तळ्याकाठचे हिमोढ त्या मोठ्या बर्फाचे की नंतरचे? मोठं बर्फ ओग्वेनच्या खाली पार समुद्रापर्यंत गेलं असेल, तर मग इतक्या वर, तळ्यापाशीच, एवढेसे ढीग कसे?

कातळवेडा

नीलाक्षीताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. दोन वेगळे काळ आहेत.

मोठं बर्फ साधारण २६ ते २१ हजार वर्षांपूर्वी भरात होतं. मग ते हटलं. सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी हवा चांगलीच उबदार झाली, गवत-झुडपं परतली. नंट फ्रँकनच्या दलदलीत खोल नळी घालून काढलेल्या गाळात त्या काळचे परागकण थरांनी जपलेले आहेत. आणि मग १२,९०० वर्षांपूर्वी थंडी एकदम उलटली. हा उलट फेरा हजार-बाराशे वर्षं टिकला. एवढ्या काळात मोठी टोपी तयार होणं शक्य नव्हतं, पण एरिरीतल्या तीसहून जास्त गव्हरांत छोट्या हिमनद्या पुन्हा जन्मल्या. इद्वलची त्यांतलीच एक. ती तळ्यापर्यंत आली, काठावर राडारोडा टाकला आणि ११,७०० वर्षांपूर्वी हवा पुन्हा तापली तशी संपली. म्हणजे गव्हर कोरलं आधीच्या लाखो वर्षांनी, आणि डार्विनने ज्यांचा अभ्यास केला ते ढीग या शेवटच्या, तशा किरकोळ हिमनदीचे.

मृण्मयी

यात वय कसं काढतात तेही सांगते, कारण 'बारा हजार वर्षं' हा आकडा कुठून आला असा प्रश्न येणारच. अवकाशातून येणारे किरण उघड्या खडकावर आदळतात आणि त्यातल्या क्वार्ट्झमध्ये बेरिलियम-१० नावाचं समस्थानिक अगदी कणाकणाने तयार होतं. वर जाड बर्फ असेल तर किरण पोचत नाहीत. धोंडा हिमोढावर येऊन पडला की घड्याळ सुरू. त्याच्या माथ्यावरची चकती कापायची, क्वार्ट्झ वेगळं करायचं, बेरिलियम मोजायचं. एका दगडावर विसंबायचं नाही, कारण एखादा नंतर गडगडून पालथा झालेला असतो, एखादा आधीच उघडा पडलेला असतो. म्हणून एकाच हिमोढावरचे अनेक धोंडे घेतात.

सायली१२

उद्या प्रेझेंटेशन आहे आणि मी हे वाचत बसलेय. असो. सप्टेंबरमध्ये तिकडे जाणं होतंय. कूम इद्वलला नेमकं काय, कुठून बघावं? बरोबर आई आहे, चढ तिला झेपेल ना?

कातळवेडा

सायली, तळ्यापर्यंतची वाट दगड बसवून नीट केलेली आहे. चढ आहे, पण आई रोज थोडं चालत असतील तर सावकाश झेपेल. दगड ओले असले की घसरतात, चांगले बूट घाल. तळ्याला फेरी मारायची तर मागच्या बाजूला वाट खडकाळ होते. आईंना काठावरच्या हिमोढापाशी बसव, तिथून सगळं गव्हर दिसतं.

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. ऊन तिरकं असेल तरच रेघा दिसतात, भर दुपारी तोच खडक कोरा वाटतो. ओला खडक असेल तर आणखी बरं. काठाजवळ दुभंगलेले मोठे धोंडे आहेत, 'डार्विनचे धोंडे' म्हणून ओळखतात, तेही बघ. आणि हातोडी-बितोडी नेऊ नकोस. १९५४पासून ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे, वेल्समधलं पहिलंच. खडक फोडायचा नाही, फुलं तोडायची नाहीत.

टवाळ_कार्टा

आणि डार्विनसारखं जीवाश्म शोधत बसू नका. अकरा वर्षांनी परत जावं लागेल.

भूगोलमास्तर

टवाळ, त्याने एकट्याने काय घोडं मारलंय! स्कॉटलंडमधल्या ग्लेन रॉयच्या उतारांवर २६०, ३२५ आणि ३५० मीटर उंचीवर तीन आडव्या रेषा आहेत. डार्विनने १८३९मध्ये त्या जुन्या समुद्रकिनाऱ्याच्या रेषा ठरवल्या होत्या. आगासिझ दुसऱ्याच वर्षी येऊन म्हणाला की हे बर्फाने तुंबवलेल्या तळ्याचे काठ. त्यावर वीसेक वर्षं वाद चालला. कातळवेडा, त्यावर वेगळा धागा काढता का? इथे प्रतिसादांत मावणार नाही.

कातळवेडा

काढतो, मास्तर. पण तीन रेषांच्या तीन उंच्या का, हे सांगायला नकाशा लागेल. आजूबाजूच्या खिंडींच्या उंच्या दाखवल्याशिवाय त्यात काही अर्थ नाही, कारण तळ्याचं पाणी ज्या खिंडीतून सांडत होतं तिनेच त्या वेळची पातळी ठरवली. हाताने काढलेला नकाशा चालणार असेल तर या शनिवार-रविवारी टाकतो.